ती अंगाई नव्हती

कार्यक्रम संपला की चार-दोन माणसं हमखास हार्पपाशी येतात. एखादी बाई छातीवर हात ठेवून, डोळे मिटून म्हणते, "सो सूदिंग!" नुकतीच मी सहा-सात मिनिटं एका बाईचा संताप गायलेली असते. आठ-नऊशे वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समध्ये कुणा बाईनं तो रचला, स्वतःच चाल लावली आणि ज्यानं तिला कस्पटासमान लेखलं त्याला भर दरबारात जाब विचारला. त्या काळच्या कवी-गायकांना त्रुबादूर म्हणतात. त्यांच्यात बायकाही होत्या, पण त्यांची गाणी थोडी उरली आणि चालीसकट उरलेलं तर हे एकच. तेवढं सगळं मी आधी सांगितलेलं असतं, शब्दांचा अर्थही कागदावर छापून वाटलेला असतो. तरीही सूदिंग. हार्प दिसली की लोकांचे कान झोपतात. मी थँक यू म्हणते आणि वाद्याला खोळ चढवायला लागते. पन्नाशी जवळ आली तरी माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही. पण तो कुठून आला ते लिहून ठेवायला हवं, कारण आई आता पंच्याहत्तरीची आहे, आणि तिच्याबद्दलचं एक खोटं वाक्य अजून एका छापील पुस्तकात तसंच आहे.

मी चौदा वर्षांची असताना आम्ही नागपूरहून अमेरिकेत मॉरिसव्हिलला आलो. बाबांना तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. बाबांच्या व्हिसावर त्यांना काम होतं, माझ्यासाठी शाळा होती आणि आईसाठी काहीही नव्हतं. संस्कृतची एम.ए. झालेली, धरमपेठेतल्या शाळेत अकरा वर्षं शिकवलेली बाई, तिला इथं काम करायला कायद्यानं मनाई होती. सकाळी सातला बाबा गाडी घेऊन जायचे, मागोमाग माझी शाळेची बस यायची, आणि दोन खोल्यांच्या त्या अपार्टमेंटमध्ये आई, बेज रंगाचा गालिचा आणि फ्रीजची घरघर एवढंच उरायचं. संध्याकाळी मी परत यायची तेव्हा ओटा इतका घासलेला असायचा की त्याच्याकडे बघवत नसे. तिच्या हातातून भांडं खाली ठेवलं जायचं ते आपटूनच. फोडणी दिली की छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागायचा. बाबा टॉवेल घेऊन धावायचे, खुर्चीवर चढून त्याला वारा घालायचे. आई शेगडीपासून हलायची नाही. "ओरडू द्या त्याला," म्हणायची, "घरात कुणीतरी ओरडायलाच पाहिजे." मग आम्ही तिघं डाळीचे गोळे घातलेला गोळाभात खायचो. त्यावर ओतलेल्या गरम तेलात लाल मिरची तडतडलेली असायची आणि बाबा उगाचच म्हणायचे, "मस्त झालाय हं." आई ताटातून मान वर करायची नाही. तेव्हा मला वाटायचं ती माझ्यावर रागावलीय. मुलांना सगळंच स्वतःबद्दल आहे असं वाटतं.

मिस डॉरथी मला लायब्ररीत भेटल्या. तिकडे वयानं मोठ्या बाईला मिस लावून पहिल्या नावानं हाक मारतात. त्या संगीतशिक्षिका होत्या, रिटायर झालेल्या, सत्तरीच्या आसपासच्या. शनिवारी लहान मुलांना गोष्टी सांगायच्या आणि मधूनमधून मांडीवरची छोटी हार्प वाजवायच्या. मी काही लहान मुलांत मोडत नव्हते, तरी मागं उभी राहून ऐकायची. एकदा त्यांनी एक गाणं म्हटलं, आणि त्यातला एकही शब्द इंग्रजी नव्हता. माझ्यासाठी ते फार मोठं सुख होतं. शाळेत दिवसभर मला एकटीलाच भाषा कळत नसे, इथं खोलीतल्या कुणालाच कळत नव्हती. मी जाऊन विचारलं ही कोणती भाषा. "ऑक्सितान," त्या म्हणाल्या, "यू वॉन्ट टु लर्न?" ही त्रुबादूरांची भाषा; तरुणपणी त्या दक्षिण फ्रान्समध्ये दोन वर्षं राहून ही गाणी शिकून आल्या होत्या. पुढं लग्न, शाळा, नवऱ्याचं आजारपण. ती गाणी कुणाला शिकवायचं राहूनच गेलं होतं.

त्यांचं घर रेल्वेच्या रुळांपलीकडे, पेकनच्या झाडाखाली. चालत पंचवीस मिनिटं. आई मला एकटीला सोडायला तयार नव्हती, म्हणून दर शनिवारी आम्ही दोघी जायचो. रस्त्याला फुटपाथ नव्हता. कडेच्या गवतातून सलवार-कमीज घातलेली आई पुढं आणि मी मागं. गाड्यांतले लोक वळून बघायचे, कुणी कुणी थांबून विचारायचे, गाडी बिघडली का. पहिले दोन-तीन आठवडे आई मिस डॉरथींच्या स्वयंपाकघरात खुर्चीच्या टोकावर बसून राहिली. मी शेजारी तारा छेडत होते. त्या हार्पला आतड्याच्या तारा होत्या, दमट हवेत त्या सारख्या उतरायच्या, त्यामुळे निम्मा वेळ चावी फिरवून सूर मिळवण्यातच जायचा. चौथ्या शनिवारी आईनं पर्समधून वही काढली. मिस डॉरथी म्हणून दाखवायच्या आणि आई ते देवनागरीत उतरवून घ्यायची. "अगं, इंग्रजी अक्षरांत लिहून काय उपयोग," ती मला म्हणाली, "तू ती इंग्रजीसारखीच वाचणार. हे बघ, इथं 'ल्य' आहे, नुसता 'ल' नाही." एका बाजूला मूळ शब्द, दुसऱ्या बाजूला मिस डॉरथींनी सांगितलेला अर्थ, मराठीत. शाळेतल्या फळ्यावर असायचं तसंच ठसठशीत अक्षर. दुपारी मिस डॉरथी कॉर्नब्रेड काढायच्या, आई पाटवडीचा डबा उघडायची, आणि दोन बायका एका अर्धवट मेलेल्या भाषेतल्या क्रियापदांवर तासन्‌तास बोलत बसायच्या. आईचं इंग्रजी पुस्तकी होतं, पण चूक शोधून सापडायची नाही. शनिवारी आमच्या घरात भांडी कमी आपटायची. बाबांच्याही ते लक्षात आलं होतं.

दरबारात जाब विचारणाऱ्या त्या बाईच्या गाण्यावर आम्ही आलो तेव्हा मी सोळा वर्षांची होते. या गाण्यांची अडचण अशी की जुन्या हस्तलिखितांत शब्दांवर सूर लिहिलेले असतात, पण कुठला सूर किती लांबवायचा ते लिहिलेलं नसतं. लय ज्याची त्यानं ठरवायची, आणि त्यावरून पंडितांची भांडणं अजून चालू आहेत. मिस डॉरथी ते गाणं झोके घेतल्यासारखं गायच्या, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आई कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मग तिनं वहीतल्या ओळींची अक्षरं बोटांवर मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाली, "डॉरथी, यात झोका नाहीये. प्रत्येक ओळीत दहा अक्षरं आहेत आणि चौथ्या अक्षरावर यती." यतीला इंग्रजीत काय म्हणायचं ते तिला चटकन आठवेना, म्हणून तिनं टेबलावर हात ठेवून थांबून दाखवलं. "पण या तीन ओळींत बघा, वाक्य यतीवर तुटतच नाही. पुढं धावतं. आणि याच ओळींत ती त्याला सगळ्यात जास्त बोलते. रागावलेलं माणूस श्वास घ्यायला थांबत नाही. इथं थांबायचंच नाही." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "म्हण बघू. एका दमात. आणि गोड म्हणू नको." मी म्हटलं. तिसऱ्या ओळीच्या शेवटी माझा दम संपला, आवाज फाटला, आणि त्या फाटलेल्या आवाजात गाणं एकदम उभं राहिलं. मिस डॉरथींनी तोंडावर हात ठेवला. "माय लॉर्ड, सुमन," त्या आईला म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी हे चुकीचं गात होते." मला त्या स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू आठवते, कारण पुढं त्या दुपारला साक्षीदार असा कुणी राहिलाच नाही.

मिस डॉरथींनीच मला प्रोफेसर अ‍ॅलनकडे नेलं. शेजारच्या शहरातल्या कॉलेजात ते शिकवायचे, मध्ययुगीन संगीत गाणारा त्यांचा ग्रुप होता. उंच, रुपेरी दाढीचे, बोलायला अतिशय गोड. माझं गाणं ऐकून ते खुर्चीतून उठले. "ही लय कुठून आणलीस?" मी सांगितलं, आईनं बसवली. त्यांनी टेप लावला, पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा लावलं, कागदावर भराभर खुणा केल्या. मी त्यांच्या ग्रुपमधली सगळ्यात लहान झाले. एका तालमीला आई आली होती. तिला त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "व्हॉट... डिड यू सिंग... टु हर... अ‍ॅज अ बेबी?" आई गोंधळली, हसून म्हणाली, अंगाई म्हणायचे, सगळेच म्हणतात. "ब्यूटिफुल," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. तिनं वृत्तांबद्दल सांगायला सुरुवात केली तोवर ते दुसऱ्या कुणाकडे वळले होते. ते तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी सतरा वर्षांची होते आणि मला नवा मखमली झगा मिळाला होता.

कार्यक्रम दोन दिवस होता, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी, एका जुन्या दगडी चर्चमध्ये. आई अबोली रंगाची पैठणी नेसून तिसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी बाबा आणि मिस डॉरथी. मी हार्प घेऊन पुढं आले, आणि प्रोफेसर अ‍ॅलन माइकवर बोलायला लागले. या गाण्याची लय शतकानुशतकं हरवली होती, ते म्हणाले, आणि अनेक वर्षांच्या संशोधनानंतर ती आपल्याला सापडली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की विलक्षण गोष्ट अशी, की या मुलीनं ती शिकण्याआधीच तिच्या रक्तात ती होती. भारतातल्या एका छोट्या खेड्यात तिची आई तिला ज्या अंगाया गायची, त्या कधी कुणी लिहून न ठेवलेल्या, निरक्षर बायकांनी जपलेल्या अंगायांत हीच लय जिवंत आहे. लोकांच्या तोंडून "आऽ" असा उद्गार निघाला. कार्यक्रमाच्या पत्रिकेतही तेच छापलं होतं, ते मी नंतर पाहिलं. मी आईकडे बघितलं. ती ताठ बसली होती आणि आजूबाजूचे लोक माना वळवून तिच्याकडे कौतुकानं बघत होते, जत्रेत बघावं तसे. आणि मी काय केलं? मी गायले. सुरेल गायले. टाळ्या घेतल्या, झुकून नमस्कारही केला.

घरी आल्यावर बाबा बूट काढता काढता म्हणाले, "स्तुतीच केली ना त्यांनी? खेडं म्हणाले तर म्हणाले. त्यांना काय कळतं नागपूर म्हणजे काय."

"मी एम.ए. आहे," आई म्हणाली.

"हो ना. पण आता त्याचं काय मोठं करून राहिली तू? ग्रीन कार्डाचं चाललंय आपलं. पोरीला कॉलेजला त्यांचं लेटर लागेल. आपण पाहुणे आहोत इथं, सुमन."

आई पदराची पिन काढत होती. तिनं ती टेबलावर ठेवली. मग बाबांशी न बोलता माझ्याकडे वळली. "ते राहू दे. त्यांचं मला काही वाटत नाही. तू उभी होतीस ना तिथं? माइकपासून हातभर अंतरावर?"

"आई, अगं सगळ्यांसमोर कसं..."

"सगळ्यांसमोरच तर बोलले ते."

एवढंच. ती आत गेली. तिनं आवाज चढवला नाही, दारसुद्धा आपटलं नाही. आयुष्यात मला पुष्कळ जणांनी पुष्कळ काही सुनावलंय, पण त्या वाक्याइतकं काही लागलं नाही. आज माझी स्वतःची मुलगी सतरा वर्षांची आहे, आणि सतराव्या वर्षी माणूस किती लहान असतं ते मला दिसतं. तरी मी स्वतःला सूट देत नाही.

रविवारी मी पुन्हा हार्प घेऊन पुढं आले. ते माइककडे निघाले तशी मी आधी माइक धरला. मी म्हणाले, "हे गाणं मी सांगते." आणि सांगितलं. ही लय माझ्या आईनं शोधली. तिचं नाव सुमन. ती संस्कृतची एम.ए. आहे, शिक्षिका आहे, आम्ही खेड्यातले नाही. तिनं ओळीतली अक्षरं मोजून ती शोधली, मिस डॉरथींच्या स्वयंपाकघरात, मी तिथं होते. अंगाईचा याच्याशी काही संबंध नाही. हे गाणं एका चिडलेल्या बाईचं आहे. माझं इंग्रजी मधेच अडखळलं, एक क्रियापदही चुकलं. प्रोफेसर अ‍ॅलन हसले, दुसऱ्या माइकवरून म्हणाले, "द पॅशन ऑफ यूथ!" आणि लोक सुटल्यासारखे हसले. त्या हसण्यावर मी पहिली तार छेडली. त्या दिवशी मी गोड गायले नाही. त्या तीन ओळी मी त्यांच्याकडे बघून म्हटल्या, एका दमात, आवाज फाटेपर्यंत.

नंतर बाहेर, जिथं लिंबूपाणी आणि कुकीज मांडल्या होत्या तिथं, ते स्वतः आईकडे चालत आले. वाटलं, माफी मागतील. ते म्हणाले, "यू मस्ट बी सो प्राउड." आईनं पत्रिका उघडून त्यांच्यापुढं धरली. तिनं शांतपणे, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की तुम्ही छापलेल्या चौथ्या ओळीत एक अक्षर जास्त आहे. दोन स्वर जोडून म्हणायचे आहेत, तुम्ही ते तोडलेत, म्हणून तुमची यती पुढं सरकली आणि पुढच्या सगळ्या ओळी बिघडल्या. बरोबर काय आहे ते मी लिहून देऊ शकते. त्यांनी तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, मान एका बाजूला कलती ठेवून. मग तिच्या हातावर थोपटलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "शी इज अ‍ॅडोरेबल."

दोन आठवड्यांनी ग्रुपमधून मला काढल्याचं पत्र आलं. काही वर्षांनी त्यांचं पुस्तक आलं. त्यात आईची लय आहे, ओळ न ओळ. चौथी ओळही सुधारलेली आहे, तिनं सांगितली तशी. आणि तळटीपेत ती अंगाई आहे, ते खेडं आहे. मी प्रकाशकाला लिहिलं, कॉलेजला लिहिलं, त्यांना स्वतःला चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. ते गेले तेव्हा ओळखीच्या एका गायिकेनं मला फोन करून सांगितलं, "आता तरी सोडून दे यार, मेलेल्या माणसावर काय राग धरतेस." मी म्हणाले, मेलेल्या माणसाचं पुस्तक मेलेलं नाही. पण खरं सांगायचं तर, त्या पुस्तकापेक्षाही जास्त राग मला त्या कार्यक्रमानंतरच्या शनिवारचा येतो.

त्या शनिवारी आम्ही नेहमीच्या वेळी मिस डॉरथींकडे गेलो. हार्प त्यांचीच होती, मी ती दोन वर्षं वापरत होते. टेबलावर कॉर्नब्रेड तयार होता. आई बसली नाही. ती म्हणाली, "डॉरथी, तुम्ही इथं होतात. या टेबलाशी. त्यांना एक पत्र लिहा, जे झालं ते तसंच लिहा. ते माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील."

मिस डॉरथी बराच वेळ हातातल्या फडक्याची घडी घालत राहिल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. मला त्यांनी जे दिलं त्यावर मी आजवर जगतेय, आणि म्हणूनच हे लिहिताना माझी लेखणी जड होते. त्या म्हणाल्या, "हनी, तो चांगला माणूस आहे. त्याला वाटलं, ते ऐकायला छान वाटेल. इतकं मनाला लावून घेऊ नये." आई वाट बघत राहिली. तेव्हा त्या म्हणाल्या, "तो माझ्या चर्चमध्ये येतो, सुमन. इथले सगळे मला ओळखतात. आय हॅव टु लिव्ह हिअर."

"सो डू आय," आई म्हणाली.

त्यावर त्यांनी मान वर केली. काही क्षण मला वाटलं त्या आता कागद मागतील. त्यांनी कॉर्नब्रेडचा तुकडा कापला, फॉइलमध्ये गुंडाळला आणि आईपुढं धरला. आईनं तो घेतला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, सांगितलं मात्र काहीच नाही. मी हार्प उचलली, खोळीसकट त्यांच्या खुर्चीला टेकवून उभी केली, सूर मिळवायची चावी टेबलावर ठेवली. माझ्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते, ते मी मुठीत धरले. मिस डॉरथी म्हणाल्या, "ती तू ठेव ना." मला ती हवी होती. मी "नो, मॅम" म्हणाले आणि आईच्या मागून बाहेर पडले.

त्यानंतर पाच वर्षं माझ्याकडे वाद्य नव्हतं, आवाज तेवढा होता. आई कणीक मळत असायची आणि मी दाराशी उभी राहून ते गाणं तसंच म्हणायची, सुराच्या आधाराशिवाय. ती मान वर न करता ऐकायची. त्या तीन ओळींत मी चोरून श्वास घेतला की तिचे हात थांबायचे.

"घेतलास," ती म्हणायची. "पुन्हा म्हण."